वज्जींचं राज्य, निजामाचं राज्य आणि आपलं राज्य

(लिंबागणेश येथील बुद्ध विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीच्या पोरांनी मला विषय दिला, 'राष्ट्राचे स्वातंत्र्य, शांतता आणि विकास'. मी म्हटलं, अरे बाबांनो, हा विषय दिल्लीतल्या माणसांचा. आपण बालाघाटावरची माणसं, आपल्याला पाण्याचं टँकर वेळेवर आलं तर विकास वाटतो. पण रात्री विचार करत पडलो तेव्हा लक्षात आलं की हा विषय आपलाच आहे. कारण या देशात १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य आलं ते आपल्या जिल्ह्यात आलंच नव्हतं. आपल्याला ते आणखी तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला मिळालं. आणि ते मिळताना शांततेचं काय झालं, त्यानंतर विकासाचं काय झालं, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण सुरुवात मी तथागतांपासून करतो, कारण आपण विहारात बसलो आहोत.

मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचं गणराज्य जिंकायचं होतं. त्यानं आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाला गृध्रकूट पर्वतावर भगवंतांकडे पाठवलं. भगवंतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिलं नाही. मागे आनंद उभा होता, त्याला विचारलं, आनंदा, वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात का? एकीनं बसतात, एकीनं उठतात का? आपल्याच केलेल्या कायद्यानं चालतात का? वडीलधाऱ्यांचं ऐकतात का? बायका-मुलींवर जबरदस्ती करत नाहीत ना? असे एकंदर सात प्रश्न. आनंद प्रत्येकाला होय म्हणाला. तेव्हा भगवंत म्हणाले, हे जोवर चालू आहे तोवर वज्जींची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही.

आता बघा, या सात प्रश्नांत सैन्य किती, हत्ती किती, तटबंदी केवढी हा प्रश्नच नाही. बायका-मुलींचा प्रश्न मात्र आहे! राज्य टिकणार की नाही हे त्या राज्यातली मुलगी सुरक्षित आहे का यावरून बुद्ध ठरवतात. आजकाल देशप्रेमावर बोलणारे फार आहेत, पण हा प्रश्न विचारणारे थोडे.

वस्सकारही हुशार माणूस. तो समजला, हे लढाईनं हरणार नाहीत, यांच्यात फूटच पाडली पाहिजे. पुढची गोष्ट अट्ठकथेत येते. राजानं हाकलून दिल्याचं सोंग करून तो वैशालीत जाऊन राहिला. तीन वर्षं त्यानं ह्याच्या कानात एक, त्याच्या कानात एक असं सांगत काढली. शेवटी धोक्याची भेरी वाजली तेव्हा एकही वज्जी घराबाहेर आला नाही. अजातशत्रू उघड्या वेशीतून आत शिरला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत जे शेवटचं मोठं भाषण केलं, त्यात हीच भीती आहे. २६ जानेवारी १९५० ला देश स्वतंत्र प्रजासत्ताक होईल, पण हे स्वातंत्र्य टिकेल का, असं त्यांनी विचारलं. सिंधच्या राजा दाहिरापासून दाखले देत ते म्हणाले की हा देश आधी आपल्याच माणसांच्या फितुरीनं बुडालेला आहे. आणि पुढे म्हणाले की राजकारणात समता आणि समाजात विषमता असा विरोध फार दिवस चालला तर ज्यांना विषमता भोगावी लागते तेच ही इमारत उडवून देतील. ते भाषण मराठीत मिळतं. विहारात एखाद्या रविवारी ते मोठ्यानं वाचा. एक तास लागतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये जाहीर केलं की हैदराबाद ना भारतात जाणार ना पाकिस्तानात. म्हणजे तेही 'स्वातंत्र्य'च मागत होते! शब्द तोच. म्हणून मी म्हणतो, स्वातंत्र्य शब्द ऐकला की लगेच टाळी वाजवू नये, आधी विचारावं, कोणाचं? त्याच महिन्यात, १७ जून १९४७ ला, बाबासाहेबांनी पत्रक काढून सांगितलं की संस्थानिकांना असा स्वतंत्र होण्याचा दावा कायद्यानं टिकणारा नाही, त्यांनी भारतात सामील व्हावं हेच त्यांच्या हिताचं आहे. ते ऐकलं नाही. नोव्हेंबरात जैसे थे करार झाला, आणि त्याच्या आड लातूरचा वकील कासीम रझवी आणि त्याचे रझाकार यांनी गावोगाव धुमाकूळ घातला.

त्या वेळी आपल्या समाजापुढे मोठा पेच होता. तो पेच आज कोणी सांगत नाही. निजामाच्या राज्यात जातीचा जाच होताच. पण गावात तो जाच करणारे देशमुख, पाटील, सावकार हिंदूच होते, आणि त्यातले कित्येक लोक आता स्वातंत्र्याच्या लढ्यात होते. मग आपल्या काही पुढाऱ्यांना वाटलं की निजामाच्या बाजूनं उभं राहिलं तर आपल्या माणसाला काही मिळेल. बी. एस. व्यंकटराव यांच्यासारखे पुढारी निजामाच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. बी. श्यामसुंदर हे निजामाच्या शिष्टमंडळाबरोबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे गेले. मी त्यांना गद्दार म्हणणार नाही. त्यांच्या मनातली आग खोटी नव्हती. पण वाट चुकली होती, हे बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितलं. २७ नोव्हेंबर १९४७ च्या पत्रकात त्यांनी हैदराबादेतल्या अस्पृश्यांना स्पष्ट बजावलं की सवर्ण हिंदूंचा राग आहे म्हणून निजामाच्या आणि इत्तेहादच्या कच्छपी लागू नका. भारताच्या शत्रूची बाजू घेऊन समाजाला काळिमा लावू नका. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जे. एच. सुबय्या बाबासाहेबांच्या बाजूनं राहिले.

विचार करा, हे कोण सांगतंय? ज्याला महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला तो माणूस. आपल्यावर अन्याय करणाऱ्या समाजाच्या बहुमताचा देश, आणि तरी ते म्हणतात, ह्याच देशात राहून, घटना करून, कायदा करून लढू. बाबासाहेबांचं देशप्रेम हे असं होतं. घरात भांडण आहे म्हणून घराला आग लावायची नाही, आणि घर आपलं आहे म्हणून भांडण सोडायचंही नाही.

माझी आजी त्या काळची गोष्ट सांगायची. आमचं गाव इथून लांब नाही. ती म्हणायची, "बड्या लोकांच्या गाड्या हद्दीपल्याड नगर जिल्ह्यात गेल्या. आम्हाला कुठली गाडी अन् पल्याड कोण सोयरा? आम्ही रातच्याला डोंगरात अन् दिवसा गावात." रझाकारांनी पोत्यातली ज्वारी नेली, ती आमचीही नेली. मग १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य चार बाजूंनी आत आलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आजी म्हणायची, पेढे वाटले म्हणे, आमच्यापर्यंत आले न्हाईत. एवढं म्हणून हसायची. मग हसणं थांबवून पुढचं सांगायची, ते असं की गावातलं एक मुसलमान कुटुंब, बांगड्या विकणारं, चार रात्री आमच्या महारवाड्यात कडब्याच्या गंजीमागं होतं. रझाकारात त्यांचं कोणीच नव्हतं. तरी त्यांना लपावं लागलं.

हा भाग आपण १७ सप्टेंबरच्या भाषणात वगळतो. झेंडावंदन करतो, हुतात्म्यांना मानवंदना देतो, आणि ती दिलीच पाहिजे. स्वामी रामानंद तीर्थांपासून गावागावातल्या अनाम माणसांपर्यंत अनेकांनी त्यासाठी तुरुंग आणि गोळ्या सोसल्या. पण पोलीस कारवाईनंतर जे झालं तेही खरं आहे. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची एक समिती पाठवली. तिनं संस्थानात फिरून अंदाज दिला की त्या दिवसांत २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, त्यातली बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा इथं सर्वांत जास्त. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान ५ हजार. तो अहवाल कित्येक दशकं छापलाच गेला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि हेही खरे. अत्त दीप भव म्हणणाऱ्या माणसानं एक डोळा झाकून इतिहास वाचू नये.

मला कोणी विचारेल, मग सैन्य पाठवायला नको होतं का? पाठवायलाच पाहिजे होतं. बौद्ध म्हणजे कोणी गालावर मारलं तर दुसरा गाल पुढे करणारा, असा गैरसमज आपल्यातही आहे. सेनापती सिंहानं भगवंतांना हाच प्रश्न विचारला होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेचा विचार मांडला आहे तो नीट वाचा. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. भगवंतांनी हौस निषिद्ध केली, गरज माणसाच्या विवेकावर सोडली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहावी म्हणून झटणारे बाबासाहेबच होते. पण सैन्यानं मुलूख जिंकल्यावर जी शांतता राखावी लागते ती सैन्य राखू शकत नाही. ती कडब्याच्या गंजीमागं राखावी लागते.

आता थोडं देशाच्या पातळीवर. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल हे कारण सर्वांना माहीत आहे. पण परराष्ट्र धोरण हेही एक कारण त्यांनी दिलं होतं. हिशेब मांडून ते म्हणाले, आपलं वर्षाचं उत्पन्न साडेतीनशे कोटी, त्यातले १८० कोटी लष्करावर जातात. का? तर आपल्याला जगात मित्र उरला नाही म्हणून. म्हणजे निम्म्याहून जास्त भाकरी पहारेकऱ्याला, आणि उरलेल्यात शाळा, दवाखाना, विहीर, रस्ता, सगळं! पहारेकरी नको असं ते म्हणत नव्हते. शेजाऱ्याशी भांडण मिटवता येत असेल तर मिटवा म्हणजे लेकरांच्या ताटात काही पडेल, असं त्यांचं म्हणणं. काश्मीरचा प्रश्न लवकर सोडवा असं ते सारखं सांगत होते ते यासाठीच.

आणि नुसत्या गोड बोलण्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. २९ एप्रिल १९५४ ला भारत आणि चीन यांनी तिबेटविषयी करार केला, त्यात पाच तत्त्वं घातली आणि नाव दिलं पंचशील. आपलं नाव! आपण रोज विहारात घेतो ते. चार महिन्यांत, २६ ऑगस्टला, बाबासाहेब राज्यसभेत उभे राहिले आणि म्हणाले की पंचशील हा बुद्धधम्माचा गाभा आहे, माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती. १९६२ साली काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. शील हे कागदावर सही करून येत नाही. पाणातिपाता वेरमणी म्हणताना जो माणूस मनातून म्हणतो त्याचंच ते शील.

२०२५ च्या मे महिन्यात पहलगामच्या हत्याकांडानंतर चार दिवस भारत-पाकिस्तान लढाई झाली, तेव्हा आपल्या वस्तीतली पोरं पारावर बसून मोबाइलवर ती क्रिकेटसारखी बघत होती. मी ओरडलो नाही. पण एका पोराला विचारलं, तुझा मामा फौजेत आहे ना रे, त्याला फोन केलास का? तो गप्प झाला. सरहद्दीवर शेतकऱ्याची, मजुराचीच लेकरं असतात. पहलगामच्या निरपराध माणसांना मारणाऱ्यांना शासन व्हावं, त्यात दुमत नाही. पण लढाईची मौज वाटायला लागली की आपण भगवंतांपासून लांब गेलो असं समजावं.

आता रोहिणी नदीची गोष्ट. आपल्याला ती पाठ आहे, पण तिचा शेवट आपण विसरतो. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघानं युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थानं उभं राहून विरोध केला. दोन माणसं आपली, दोन त्यांची, आणि चौघांनी निवडलेला पाचवा, असं बसून मिटवा म्हणाला. ठराव पडला. मग देशत्याग किंवा फाशी, नाही तर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीनजप्ती, अशी पाळी आली आणि त्यानं घर सोडलं. हे सगळ्यांना माहीत. पण बाबासाहेबांच्या ग्रंथात पुढे असं येतं की काही दिवसांनी सिद्धार्थाला बातमी कळली, शाक्य-कोलीयांची समेटाची बोलणी सुरू झाली, आता युद्ध होत नाही. मग परत का गेला नाही? कारण त्याच्या मनात आलं की दोन राज्यांमधला झगडा कधी तरी होतो, पण समाजातल्या वर्गावर्गांमधला झगडा रोज चालू आहे, आणि जगातल्या दुःखाचं मूळ तिथं आहे. त्याचं उत्तर शोधायला तो पुढे गेला.

हे लक्षात ठेवलं की मराठवाड्याचा पुढचा इतिहास उलगडतो. निजाम गेला. १९५० च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे त्यालाच मिलिंद महाविद्यालय नाव दिलं. मुलूख मोकळा झाल्यावर दोन वर्षांच्या आत! पुतळा नाही, कमान नाही, कॉलेज. नागसेनवनात शिकून गेलेली माणसं आज या सभेतही बसलेली आहेत. विकास म्हणजे काय याचं एवढं सोपं उत्तर मला दुसरं सापडत नाही. त्यांना माहीत होतं, स्वतंत्र झालेल्या मुलखात जो शिकला नाही त्याचा मालक फक्त बदलतो.

आणि त्याच मुलखात २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला तर काय झालं? आपली घरं जळाली, पिकं कापली, विहिरींत घाण टाकली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना हाल करून मारलं. निजामाविरुद्ध तुरुंग भोगलेली काही मोठी माणसंही त्या वेळी आपल्या विरोधात उभी राहिली. काही आपल्या बाजूनंही राहिली, तेही सांगितलं पाहिजे. तेरा महिने उशिरा आलेलं स्वातंत्र्य आपल्या वस्तीत यायला आणखी सोळा वर्षं ताटकळलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याआधी दीड महिना नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं होतं.

विकासाचं तर विचारूच नका. १९५३ चा नागपूर करार झाला, मराठवाडा बिनशर्त महाराष्ट्रात आला, मग दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. रेल्वेची वाट बघत तीन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनालाच, अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावली. मी मुद्दाम बीडला जाऊन ती पाहिली, खोटं का बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

पण घरी येताना एक विचार काही जाईना. दसरा-दिवाळी झाली की आपल्या वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता बांधून टोळ्या कारखान्याच्या फडावर जातात. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेला आकडा सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा बायकांत एक! एक दिवस कामाला नाही गेलं तर खाडा पडतो, दंड लागतो, म्हणून पाळीचं दुखणंच नको. इथं त्या आयाबहिणी बसल्या आहेत, मी जास्त बोलत नाही. भगवंतांनी वज्जींविषयी विचारलेला तो बायका-मुलींचा प्रश्न मात्र पुन्हा आठवा.

आणि शांतता? ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे घडलं असं तपासाच्या दोषारोपपत्रात आलं, न्याय न्यायालय करील. मला एवढंच दिसतं की आपल्या डोंगरावर वारा होता तेव्हा गरिबी होती, वाऱ्याचे पैसे व्हायला लागले तेव्हा रक्त सांडलं. त्यानंतर तर जिल्ह्यात माणसं आडनाव विचारून चहा प्यायला लागली. वस्सकार आता सोंग घेऊन येत नाही, प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये बसलेला असतो. ह्याच्या जातीची एक चिठ्ठी ह्याला, त्याच्या जातीची एक त्याला. आपल्या समाजाच्या ग्रुपवर सुद्धा असल्या चिठ्ठ्या येतात, आणि आपलीच शिकलेली पोरं त्या पुढे ढकलतात. मला राग येतो तो याचा.

म्हणून समितीला माझी एक विनंती आहे, भाषणाच्या आधी अध्यक्षांशी बोललो आहे, त्यांनी मान डोलावली आहे, आता सगळ्यांसमोर सांगतो म्हणजे मागे फिरता येणार नाही. टोळ्या गेल्यावर जी लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात ती संध्याकाळी रस्त्यावर असतात. विहाराचं दार त्या पाच महिन्यांत रोज सहा ते आठ उघडं ठेवा. एक ट्यूबलाइट, एक सतरंजी, शिकलेल्या पोरींपैकी दोघींनी पाळीपाळीनं बसायचं. आणि दार सगळ्यांच्या लेकरांना उघडं. वंजाऱ्याचं पोर, मराठ्याचं पोर, मुसलमानाचं पोर आलं तर त्यालाही त्याच सतरंजीवर बसवायचं. त्यांच्या आई-बापाच्या हातातही तोच कोयता आहे. वह्या-पेन्सिलींचा या वर्षीचा खर्च माझ्या पेन्शनीतून, ते मी समितीच्या वहीत लिहून दिलं आहे.

येणारा सोमवार पहिला दिवस धरा. मी सहा वाजता येतो.

जयभीम! नमो बुद्धाय!